हलू नका, तात्या

ज्वारीच्या कणसाचा रंग मला अजून जमत नाही. पांढरा घेतला तर कापूस होतो, पिवळा मिसळला तर मका होतो, आणि थोडा करडा टाकला की कणसावर काणीचा रोग पडल्यासारखं दिसतं. गेल्या आठवड्यात बारामतीहून कळसला जाताना लासुर्ण्याच्या पुढं मोटारसायकल कडेला लावली आणि कुणाच्या तरी रानाकडं बघत नुसता उभा राहिलो. ज्वारी हुरड्यात आली होती. बांधावरून मालकानं आवाज दिला, "काय पायजे वो?" रंग बघतोय असं त्याला कुठल्या तोंडानं सांगणार. "काय न्हाय, जरा थांबलोय," म्हणालो आणि किक मारली. पन्नाशी उलटलेल्या, डेअरीच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला असलं रिकामपण शोभत नाही, हे मलाही कळतं.

हुरडा आला की आता मला नुसता हुरडा आठवत नाही. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हुरडा म्हणजे आगटी, खरपूस वास, तळहातावर चोळलेली गरम कणसं आणि लसणाची चटणी. गेल्या वर्षापासून त्या वासात बाजेवर अंथरलेल्या घोंगडीचा वास मिसळलाय. त्यात औषधी तेलाचा, उकळलेल्या पेजेचा आणि अंग पुसायच्या ओल्या फडक्याचा वास आहे. ह्या वासांपैकी एकही मी केलेल्या कामाचा नाही. ते सगळे माझ्या थोरल्या वहिनींच्या कामाचे आहेत. मी तिथं होतो तो चित्र काढत होतो.

झालं असं, की लेकीला नोकरी लागली, तिनं नवा टॅब घेतला आणि जुना पेनासकट माझ्याकडं आला. "पप्पा, तुम्ही शाळेत चित्रं काढायचात ना," एवढंच ती म्हणाली. ते शाळेतलं चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य आणि नदीत कमळ. पण टॅब हातात आला आणि माणूस बिघडला. आमच्या ऑफिससमोर शकीलचं फ्लेक्सचं दुकान आहे. चौकाचौकात लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स तोच करतो, आणि गावातल्या समस्त भावी पुढाऱ्यांना गोरं करण्याची जबाबदारी त्याच्यावर असल्यामुळे त्याला रंगाबद्दल मनापासून वैताग आहे. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्याच्याकडं जायला लागलो.

"सायेब, पयलं ह्ये ब्रशांचं दुकान बंद करा," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी हौसेनं टॅबमधले सगळे ब्रश उघडून बसलो होतो. गवताचा वेगळा, ढगाचा वेगळा, पानांचा तर शिक्काच. "येक ब्रश घ्या. त्योच बारीक करा, त्योच जाड करा. अन रंगाला आत्ताच हात लावू नका. आदी काळं-पांढरं. उजेड कुठनं येतुय त्ये कळलं की रंग आपसूक बसतुय." मग दुसऱ्या दिवशी, "किती जवळ जाऊन बघताय, सायेब? मुंगीचं डोळं काढायचं हाय का? लांबनं बघा." माझा दोष तोच होता. टॅबवर चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून मी एकेक भुवई कोरत बसायचो, आणि बोटांनी चित्र लहान केलं की दिसायचं, की डोकं एकीकडं आणि धड दुसरीकडं. तेव्हा हे फक्त चित्राबद्दल आहे असं मला वाटायचं.

आणि त्याची आणखी एक सूचना. "शिकताना हलत्या वस्तूच्या नादी लागू नका. मांजर नको, पोरं नको. जे गपचिप पडून ऱ्हातंय त्ये काढा."

त्याच वर्षी दिवाळीनंतर तात्यांना अर्धांगाचा झटका आला.

तात्या, म्हणजे माझे वडील. आमच्या घरात त्यांच्यापर्यंत मेंढरं होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचे. आम्ही भाऊ लहानपणी तात्यांना ओळखायचो ते मुख्यतः पायांवरून, कारण आल्यावर ते पाय लांब करून झोपायचे आणि आम्ही त्यांच्या टाचांच्या भेगा बघत बसायचो. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं गेली, आण्णानं म्हणजे थोरल्या भावानं डाळिंब लावलं, मी शिकून बारामतीला गेलो. तरी तात्या चालत राहिले. निरवांगीला पाव्हण्यांकडं जायचं तर एसटीची वाट न बघता निघायचे. जन्मभर ज्याचे पाय थांबले नाहीत असा हा माणूस पडवीतल्या बाजेवर निजून राहिला. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

मी शनिवार-रविवार कळसला जायला लागलो. टॅब पिशवीत असायचा. पहिल्या वेळी तो बाहेर काढला तेव्हा मनात फार काही नव्हतं. तात्या झोपले होते, आण्णा ज्वारीवरची पाखरं राखायला गेला होता, वहिनी चुलीपाशी होत्या. सकाळचं ऊन पडवीत तिरकं येत होतं. तात्यांच्या कपाळाचा अर्धा भाग उजळला होता आणि डोळ्याच्या खोबणीत सावली साचली होती. उजेड कुठून येतो ते इतकं स्वच्छ दिसत होतं, की माझा हात आपोआप पिशवीकडं गेला. शकीलनं सांगितलेलं सगळं समोर होतं. काळं-पांढरं होतं, एका बाजूचा उजेड होता. आणि जे पडून राहतं तेही होतं. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण त्या सकाळी माझ्या मनात आलं ते हेच.

मग ते चालूच राहिलं. घोंगडीवर मी कितीतरी वेळ घालवला. काळी घोंगडी काळी नसते, हे मला तेव्हा कळलं. उन्हात ती तांबूस असते, घडीत निळसर आणि काठाला चक्क मातीच्या रंगाची. तात्यांच्या चेहऱ्याचं मात्र अवघड होतं. टॅबमध्ये चित्र आरशासारखं उलटं करून बघायची सोय असते. चेहरा तिरका झाला असेल तर उलटा केल्यावर लगेच कळतं. मी उलटं करून बघितलं, तोंड वाकडं दिसलं, मी ते सरळ केलं. पुन्हा बघितलं, अगदी नीट जमलं होतं, फक्त ते तात्या नव्हते. वाकडेपणा माझ्या रेघेत नव्हता, तो खरोखरचा होता. मग मी सरळ केलेलं तोंड पुन्हा वाकडं केलं. वडिलांचं ओढलेलं तोंड मी आपल्या हातानं ओढत होतो आणि जमलं म्हणून मनातल्या मनात खूशही होत होतो.

एक चूक मी करत राहिलो. दर वेळी नवी फाईल करावी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जुनंच चित्र उघडायचो आणि त्यावरच दुरुस्त्या करायचो. गेल्या आठवड्यातला गाल या आठवड्याच्या गालाशी जुळायचा नाही. मला वाटायचं, माझाच अंदाज चुकलाय. मग मी तो गाल पुसून थोडा आत घ्यायचो.

वहिनींचं काय चाललं होतं, हे मी बघत होतो असं म्हणायला जागा नाही. त्या समोरच होत्या, एवढंच. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते, तोंडावर बोलत नाही, ताट ठेवून बाजूला होते. लग्न होऊन आल्यापासून वहिनी तात्यांसमोर कधी उघड्या डोक्यानं उभ्या राहिल्या नसतील. आता त्याच सासऱ्याला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं. त्यांनी त्यावर आपला मार्ग काढला होता. पदराचं टोक दातांत धरायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. तोंड मिटलेलं असल्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. घास भरवून झाला की त्या तात्यांच्या हनुवटीवरून अंगठा फिरवायच्या, सांडलेलं टिपायच्या. आणि मी टॅबवरून मान वर करून वाट बघायचो, त्यांचा हात बाजूला कधी होतोय याची. कारण त्या हाताची सावली तात्यांच्या गालावर पडायची आणि माझा उजेड बिघडायचा.

"चित्रात पसारा नको," शकील म्हणायचा. "जे नको त्ये उचला."

एकदा तात्यांनी चित्र बघितलं. मीच दाखवलं. जीभ जड झाली होती, शब्द ओल्या कापडात गुंडाळून आल्यासारखे यायचे. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "येकलाच हाय व्हय ह्यो?"

"कोण तात्या? तुमीच हाय की."

"येकलाच हाय," ते पुन्हा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी बारामतीला येऊन शकीलला कौतुकानं सांगितलं, की बघ, चित्रातला एकटेपणा अडाणी माणसालासुद्धा जाणवला. शकीलनं मान डोलवली. त्यालाही ते खरं वाटलं असावं.

आणि एक दुपार अशी, की जी आठवली तर मी हातातलं काम सोडून उठतो, काही कारण नसताना चार पावलं चालून येतो. संक्रांत होऊन गेली होती. ज्वारी पिवळी पडायला लागली होती, वाऱ्यानं धाटं एकमेकांवर घासल्याचा आवाज पडवीपर्यंत यायचा. माझं कानाच्या पाळीचं काम चाललं होतं. म्हाताऱ्या माणसाची कानाची पाळी मोठी मजेशीर गोष्ट असते, तिच्यातून उजेड आरपार येतो. तेवढ्यात तात्यांनी उजवा हात उचलला आणि मान वळवली. त्यांना पाणी हवं होतं. मला ते कळलं. कळलं नाही असं मी आता स्वतःला सांगू शकत नाही, कारण त्यांनी ओठ हलवले होते आणि तांब्या माझ्या पायाशी होता. मी म्हणालो, "हलू नका, तात्या. जरा थांबा."

आणि ते थांबले. जन्मभर कुणाच्या सांगण्यानं न थांबलेला माणूस माझ्या कानाच्या पाळीसाठी तहान घेऊन गप्प पडून राहिला. मग वहिनी आतून दुसरा तांब्या घेऊन आल्या, त्यांनी तात्यांची मान उचलली, पाणी पाजलं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भावजी, चा ठिवलाय." मी चहा प्यालो. चहा चांगला झाला होता.

तात्या गेले ते ज्वारी काढायला माणसं लागली त्या दिवसांत. मी तेव्हा ऑफिसात होतो. वहिनी त्यांच्याजवळ होत्या. मला एवढंच माहीत आहे, आणि त्याहून जास्त विचारायचा धीर मला झाला नाही.

टॅब मी बंद करून ठेवला. उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा ज्वारी पेरली. आता वर्षश्राद्ध जवळ आलं आणि आण्णाचा फोन आला. "तात्यांचा धड येक फोटू न्हाय बग. आधार कार्डावरला हाय त्यात चोरावानी दिसत्यात. तू काडल्यालं चित्र हाय न्हवं, त्येच फ्रेम करून आन." म्हणून मी टॅब घेऊन शकीलकडं गेलो.

शकीलनं चित्र त्याच्या मोठ्या पडद्यावर घेतलं. घोंगडीकडं बघून "वा" म्हणाला, आणि हे त्याच्याकडून फार होतं. मग म्हणाला, "सायेब, ह्याचं रेकार्डिंग चालू हुतं की तुमचं." मला काही कळलं नाही. त्यानं समजावलं. ह्या अ‍ॅपमध्ये चित्र काढताना प्रत्येक रेघ, प्रत्येक खाडाखोड आपोआप टिपली जाते आणि नंतर सगळं भराभर पळवून बघता येतं. लोक ते मोबाईलवर टाकतात, बघा मी चित्र कसं काढलं म्हणून. "बगू तरी," म्हणत त्यानं चालू केलं.

पांढऱ्या पडद्यावर बाज आली. घोंगडी आली. तात्या आले, भरल्या चेहऱ्याचे, जसे दिवाळीनंतर होते तसे. मग गाल पुसला गेला आणि आत गेला. पुन्हा पुसला, पुन्हा आत गेला. माझा अंदाज चुकला नव्हता. दर आठवड्याला मी बरोबरच काढत होतो. कपाळाची शीर वर आली, मानेची हाडं दिसायला लागली, तोंड वाकडं, सरळ, पुन्हा वाकडं. माझे वडील माझ्या डोळ्यांसमोर झिजत गेले होते आणि मी ते चित्रातली चूक म्हणून दुरुस्त करत गेलो होतो.

पण शकील दुसरंच बघत होता. त्यानं मागं घेऊन पुन्हा लावलं. "सायेब, ह्यो हात कुणाचा?"

हात होता. उजवीकडून यायचा. घाईत मारलेल्या चार रेघा, मनगटाला बांगड्यांच्या दोन कड्या. कधी हातात वाटी, कधी फडकं. मी तो काढायचो, समोर दिसतोय म्हणून तो आपोआप काढला जायचा, आणि मग लक्षात आलं की पुसायचो. हात यायचा आणि पुसला जायचा. यायचा आणि पुसला जायचा. शेवटी शेवटी तो तात्यांच्या मानेखाली आला होता आणि दुसऱ्या हातात तांब्या होता. तेही पुसलं गेलं. उरलं ते तात्यांचं चित्र, उजेडातलं, नीटनेटकं, पसारा नसलेलं.

येकलाच हाय व्हय ह्यो. तात्या चित्राचं कौतुक करत नव्हते. त्यांच्याजवळचं माणूस मी चित्रात घेतलं नाही, एवढंच ते सांगत होते.

"आमच्या वहिनींचा," मी म्हणालो. शकीलनं रेकार्डिंग थांबवलं. म्हणाला, "पसारा नको, त्ये मीच म्हनलो हुतो न्हवं का." बिचाऱ्यानं त्यातला वाटा उचलायचा प्रयत्न केला. पण तो त्याचा नव्हता.

परवा टॅब घेऊन कळसला गेलो. आण्णाला आणि वहिनींना पडवीतच बसवून ते दाखवलं. आण्णा तात्यांचा चेहरा झिजताना बघून मधेच उठला, अंगणात जाऊन उभा राहिला. वहिनी पदर पुढं घेऊन शेवटपर्यंत बघत बसल्या. मी आण्णाला म्हणालो, फ्रेम करायची तर मी हा हात पुन्हा काढतो, आहे तसा, वाटीसकट. तो चिडला.

"याड लागलंय का तुला? गेल्याल्या मानसाच्या फोटूत जित्या मानसाचा हात? त्याला हार घालायचा हाय. हिच्या हाताला बी हार घालू व्हय?"

त्याचं खरं होतं. हे मला कसं सुचलं नाही? पुसलेलं परत काढता येतं, ही टॅबची सवय. भिंतीवरच्या फोटोला ते चालत नाही. वहिनी तर हसल्याच. "भावजी, न्हाय तितं कशाला घुसवताय मला? तात्यास्नी बी आवडायचं न्हाय." मग एकटा तात्यांचाच फोटो छापायचा ठरलं. शकीलनं तो सुरेख छापलाय. त्याला हार घातला जाईल, लोक बघतील, मला शाबासकी देतील. ती घेताना माझं तोंड कसं होईल, याचा विचार मी करत नाही.

तरी निघताना राहवलं नाही. म्हणालो, "वहिनी, फोटोत नको. नुसताच तुमचा हात काढू का? माझ्यापाशी ठेवीन." त्या म्हणाल्या, बसायला वेळ कुठं हाय. आगटीवरनं आलेली कणसं सुपात पडली होती, ती चोळून हुरडा करायचा होता. मी म्हणालो, तुम्ही तुमचं काम करा. त्या सूप घेऊन पडवीत बसल्या, जिथं बाज असायची तिथं. मी नवी फाईल उघडली. वर्षभरानं का होईना, तेवढं शिकलो.

हात काढणं हे चित्रकलेतलं सगळ्यात अवघड काम, असं सगळेच सांगतात, आणि हा हात तर एका जागी राहत नव्हता. कणीस चोळायचा, फुंकर मारायला वर जायचा, माशी हाकलायचा, पदर सारखा करायचा. मी अंगठा काढेपर्यंत बोटं दुसरीकडं गेलेली असायची. रेघांवर रेघा पडत होत्या. दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर आले, आणि मी ते गिळले.

वहिनींनी मान वर केली नाही. कणीस चोळता चोळता म्हणाल्या, "आज 'हलू नका' म्हनला न्हाय तुमी, भावजी."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांनी मूठभर गरम हुरडा माझ्यापुढं सरकवला आणि दुसरं कणीस उचललं. म्हणजे त्या दुपारी तांब्या घेऊन दारात आल्या तेव्हा त्यांनी ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि वर्षभर दर शनिवारी माझ्यासाठी चहा ठेवला होता. त्यांचा हात पुन्हा हलला. हललेल्या हाताची रेघ मी पुसली नाही.